देशांतर-संस्कार आणि संगणकावरील आकाश

पंचांग पाहणे हा आपल्या घरांतील जुना प्रघात आहे. पंचांगात लिहिलेले आकाशात ताडून पाहण्याचा प्रघात मात्र आपल्या पिढीत जवळजवळ लोपला आहे. आजच्या पाठाचा हेतू हा दुसरा प्रघात पुन्हा सुरू व्हावा, असा आहे. त्यासाठी लागणारे साधन आज पुष्कळ घरांत आहे. ते म्हणजे मुलांच्या अभ्यासाचा संगणक. त्यात आकाशदर्शनाची एक विनामूल्य प्रणाली कशी बसवावी आणि तिच्याकडून चंद्रोदय, तिथी व नक्षत्र कसे जाणून घ्यावे, ते येथे क्रमाने सांगावयाचे आहे. परंतु आरंभी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे अवश्य आहे, कारण या पाठाचा जन्मच त्या चुकीतून झाला.

सन २०२५ च्या ८ नोव्हेंबरास कार्तिक वद्य संकष्टी चतुर्थी होती. (येथील हिंदी पंचांगांत वद्य पक्षापासून पुढचा महिना धरतात, म्हणून त्यांत तीच चतुर्थी मार्गशीर्षातली.) आपल्या सभासद कुटुंबांपैकी एका घरी ऐंशीच्या घरातील आजी आहेत. संकष्टीचा उपवास त्यांनी वर्षानुवर्षे मोडलेला नाही. मधुमेहामुळे आता त्यांना रात्रीची गोळी व जेवण वेळेवर घ्यावे लागते, म्हणून चंद्रोदयाची नेमकी वेळ कोणती, असे त्यांनी आम्हांस विचारले. आम्ही नवीनच बसविलेल्या प्रणालीत पाहिले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेली वेळ आणि प्रणालीने दाखविलेली वेळ मिनिटाला मिनिट जुळली. दोन साक्षी एक झाल्या म्हणून आम्ही मोठ्या विश्वासाने तीच वेळ कळविली. रात्री त्यांचा नातू पूर्वेकडे मोकळ्या असलेल्या गच्चीवर गेला, तो चंद्र क्षितिजाच्या वर आलेला! घड्याळात सांगितल्या वेळेस अजून आठ मिनिटे होती. आजी शब्दाच्या पक्क्या. त्या वेळ भरेपर्यंत थांबल्या. दुसऱ्या दिवशी देवळात भेटल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “काल माझ्या गच्चीवर आला तो चंद्र खरा, की तुमच्या यंत्रातला?”

आम्ही घरी येऊन प्रणाली पुन्हा उघडली. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत स्थळाचे नाव लिहिलेले होते: मुंबई. दिनदर्शिकाही मुंबईच्या वेळेची होती. दोन साक्षी जुळल्या, त्या दोघीही मुंबईच्या होत्या म्हणून!

देशांतर म्हणजे काय?

आमच्या हातून राहून गेलेल्या गोष्टीस आपल्या ज्योतिर्गणितात फार जुने नाव आहे: देशांतर-संस्कार. पृथ्वी गोल आहे व ती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेच्या गावी सूर्यचंद्र आधी उगवतात व पश्चिमेच्या गावी नंतर. एका स्थळासाठी केलेले गणित दुसऱ्या स्थळास लावावयाचे तर त्यात अंतराप्रमाणे भर किंवा वजावट करावी लागते. पृथ्वीस ३६० अंश फिरण्यास २४ तास लागतात, म्हणजे रेखांशाच्या एका अंशास ४ मिनिटे पडतात.

आपल्या सिद्धांतकारांनी गणितासाठी एक मध्यरेषा मानली होती. सूर्यसिद्धांतात ती लंका, अवंती, रोहीतक व कुरुक्षेत्र यांवरून जाते असे म्हटले आहे. अवंती म्हणजे उज्जैन. आपले गाव त्या मध्यरेषेच्या पूर्वेस आहे की पश्चिमेस, हे ओळखण्याची युक्तीही त्याच ग्रंथात आहे. चंद्रग्रहणाची वेळ मध्यरेषेसाठी गणिताने काढावी आणि आपल्या गावी प्रत्यक्ष पाहावी. ग्रहण गणिताच्या वेळेनंतर दिसले तर गाव पूर्वेस, आधी दिसले तर पश्चिमेस. पूर्वजांनी ग्रंथातील आकड्यावर डोळे झाकून विसंबण्यास सांगितले नाही; आकडा व आकाश यांतील अंतरालाच त्यांनी ज्ञानाचे साधन केले.

आता आपली गंमत पाहा. उज्जैनचे रेखांश सुमारे ७५ अंश ४६ कला व इंदूरचे सुमारे ७५ अंश ५१ कला आहेत. दोहोंतील फरक काळात मोजला तर अर्ध्या मिनिटाहूनही कमी भरतो. म्हणजे आपण इंदूरकर प्राचीन मध्यरेषेच्या जवळजवळ अंगणातच राहतो, आणि चंद्रोदय मात्र तीन अंश पश्चिमेकडील मुंबईचा पाळतो! मुंबईचे रेखांश सुमारे ७२ अंश ५० कला आहेत. तीन अंशांची बारा मिनिटे होतात. ग्वाल्हेरच्या आप्तांस हाच फरक सुमारे २१ मिनिटांचा पडतो, हैदराबादकरांस सुमारे साडेबावीस, बेळगावकरांस सुमारे सात, पणजीकरांस सुमारे चार, आणि बडोदेकरांस दीड मिनिटाच्या आतबाहेर.

परंतु त्या संकष्टीस आमची चूक बारा मिनिटांची नसून सुमारे वीस मिनिटांची होती. असे का झाले, ते चंद्रोदयाच्या पाठात येईल.

साधनाची ओळख

या प्रणालीचे नाव स्टेलेरियम. फाबियँ शेरो या फ्रेंच गृहस्थाने सन २००० मध्ये तिची रचना आरंभिली; पुढे अनेक देशांतील जाणत्यांनी तीत भर घातली. तिला मूल्य नाही, आणि तिची आंतररचनाही सर्वांस पाहण्यास खुली आहे. विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रकारच्या संगणकांवर ती चालते. तिच्यातील तेजस्वी ताऱ्यांची स्थाने युरोपीय अंतराळ संस्थेच्या हिपार्कस या उपग्रहाने घेतलेल्या वेधांवर आधारलेली आहेत. ग्रहांचे व चंद्राचे गणित फ्रान्समधील ज्योतिर्विदांनी सिद्ध केलेल्या सूत्रांनी होते. सारांश, साधन भरवशाचे आहे. दोष शिरतो तो बहुधा आपण त्यास दिलेल्या माहितीतून.

मांडणी

प्रथम स्टेलेरियमच्या अधिकृत संकेतस्थळावरून आपल्या संगणकास योग्य अशी आवृत्ती उतरवून घ्यावी. तिऱ्हाईत ठिकाणाहून घेऊ नये. तेथे नको ते सामानही सोबत येण्याचे भय असते. उतरविलेली फाइल उघडून पडद्यावरील सूचनांप्रमाणे पुढे जावे. संगणक जुना असून नवी आवृत्ती चालली नाही, तर आधीच्या आवृत्त्याही मिळतात. आपल्या कामास त्या पुरेशा आहेत.

प्रणाली उघडताच पडदाभर आकाश व खाली भूमी दिसते. माऊसचा बाण डाव्या बाजूस खालच्या कोपऱ्यात नेला की दोन पट्ट्या प्रकट होतात, एक उभी व एक आडवी. उभ्या पट्टीत मांडणीच्या खिडक्या आहेत. आडव्या पट्टीत रेषा, नावे, भूमी, वातावरण इत्यादी दाखविण्या-लपविण्याची बटणे आहेत. हीच कामे कळफलकावरूनही होतात. काही लॅपटॉपांवर एफ-६ सारखी कळ दाबताना एफएन ही कळ धरून ठेवावी लागते, हे ध्यानात असावे.

सर्वांत महत्त्वाची खिडकी स्थळाची. एफ-६ दाबावे. शोधाच्या जागी इंदूरचे नाव इंग्रजी अक्षरांत लिहावे व यादीतून निवडावे. नाव निवडून थांबू नये, आकडे वाचावेत. अक्षांश उत्तर २२ अंश ४३ कला, रेखांश पूर्व ७५ अंश ५१ कला, यांच्या जवळचे आकडे दिसले पाहिजेत. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ५५० मीटर असावी. कालविभाग आशिया/कोलकाता हवा. तोच आपला भारतीय प्रमाणवेळेचा विभाग होय.

याच खिडकीत इंटरनेटवरून स्थळ आपोआप घेण्याची एक चौकट असते. आमची फसगत तिने केली. संगणक ज्या मार्गाने इंटरनेटला जोडला जातो, त्या मार्गाचे ठाणे ज्या शहरात असेल, तेच आपले शहर असे प्रणाली समजते. म्हणून त्या चौकटीतील खूण काढून टाकावी, आणि हेच स्थळ कायम धरावे या अर्थाच्या चौकटीत खूण करावी. नंतर प्रणाली बंद करून पुन्हा उघडावी व तळाची ओळ वाचावी. ‘इंदूर’ दिसले की मांडणीचे निम्मे काम झाले.

एफ-५ ने तारीख व वेळ बदलण्याची खिडकी उघडते. ८ हा अंक दाबला की प्रणाली चालू क्षणावर परत येते. ७ दाबला की काळ थांबतो. एल ने काळ वेगाने धावतो, जे ने मंदावतो, के ने पुन्हा नेहमीच्या गतीस येतो. मुलांच्या हाती संगणक असला म्हणजे काळ पुष्कळदा कोणत्या तरी भलत्याच शतकात जाऊन पोहोचतो. म्हणून काहीही पाहण्यापूर्वी तळाच्या ओळीतील स्थळ व काळ ही दोन्ही वाचण्याची सवय ठेवावी. पूजेपूर्वी संकल्पात आपण देश व काल उच्चारतो. येथेही तोच नियम आहे.

मांडणीची परीक्षा

स्थळ बरोबर बसले की नाही, हे दुसऱ्या यंत्राने नव्हे, सूर्यानेच तपासावे. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला या रेखांशावरची आहे. इंदूर त्याच्या सुमारे ६ अंश ३९ कला पश्चिमेस असल्याने येथील सरासरी मध्यान्ह घड्याळात सुमारे १२ वाजून २७ मिनिटांनी होते. सूर्याची गती वर्षभर सारखी भासत नाही, म्हणून फेब्रुवारीच्या मध्यास ते १२-४१ पर्यंत लांबते आणि नोव्हेंबरच्या आरंभी १२-१० पर्यंत अलीकडे येते.

अंगणात सपाट जागी एक सरळ काठी ओळंब्याने उभी करावी. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. जी सावली सर्वांत आखूड, तिची वेळ टिपावी. मग प्रणालीत अर्धविरामाची (;) कळ दाबून याम्योत्तर रेषा आणावी व त्या दिवशी सूर्य तीवर केव्हा येतो ते पाहावे. दोन्ही वेळा पाच-सात मिनिटांच्या आत जुळल्या तर मांडणी निर्दोष समजावी. मांडणी चुकून मुंबईची राहिली असेल तर बारा मिनिटांचा फरक पडेल व चूक उघड होईल. दिनदर्शिकेपेक्षा काठीची साक्ष अधिक मोलाची, कारण काठी इंदूरच्या उन्हात उभी असते.

उज्जैनला सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधविलेली वेधशाळा आहे. सन १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी तिचा जीर्णोद्धार केला. तेथील सम्राट यंत्र म्हणजे ही काठीच, दगडात बांधलेली व मोजमापांनी शुद्ध केलेली. सम्राट यंत्र दाखविते ती उज्जैनची सूर्यवेळ. घड्याळाशी ती जुळवावयाची तर वर सांगितलेला संस्कारच करावा लागतो. मुलांस तेथे न्यावे, पण आधी अंगणात काठीचा प्रयोग करून मगच न्यावे.

पहिला पाठ: चंद्रोदय

एफ-३ ने शोधाची खिडकी उघडावी व इंग्रजी अक्षरांत चंद्राचे नाव द्यावे. चंद्र निवडला की डाव्या बाजूस त्याची माहिती येते. तीत उदय, याम्योत्तर-लंघन व अस्त यांच्या वेळा असतात. डोळ्यांनी खात्री करावयाची तर संध्याकाळची वेळ देऊन काळ हळूहळू पुढे न्यावा व चंद्र भूमीच्या रेषेवर येताना पाहावा.

आता वीस मिनिटांचे कोडे सोडवू. उदयाची वेळ केवळ रेखांशावर ठरत नाही, अक्षांशावरही ठरते. उत्तरेकडील गावी, उत्तर क्रांतीवर असलेला चंद्र लवकर उगवतो व उशिरा मावळतो. दक्षिण क्रांतीवर असलेला उशिरा उगवतो व लवकर मावळतो. उन्हाळ्यातील सूर्य उत्तरेस असल्याने दिवस मोठा असतो, तसेच हे. मुंबईचे अक्षांश सुमारे १९ अंश व इंदूरचे पावणेतेवीस, म्हणून हा परिणाम आपणांस लागू पडतो.

वद्य चतुर्थीस चंद्र सूर्याच्या पुढे सुमारे २२२ अंश असतो. नोव्हेंबरच्या संकष्टीस तो फार उत्तरेस असतो. तेव्हा रेखांशाच्या बारा मिनिटांत अक्षांशाची सुमारे आठ मिनिटे मिळतात व इंदूरचा चंद्रोदय मुंबईच्या सुमारे वीस मिनिटे आधी होतो. मे महिन्याच्या संकष्टीस चंद्र फार दक्षिणेस असतो. तेव्हा तीच आठ मिनिटे वजा होतात व फरक चार-पाच मिनिटांवर येतो. म्हणून ‘मुंबईच्या वेळेतून बारा मिनिटे वजा करा’ असा सरसकट नियम आम्ही सांगत नाही. तो वर्षातून काही वेळाच बरोबर येईल. प्रत्येक संकष्टीस आपल्या गावचे गणित नव्याने पाहावे, हाच नियम.

आणखी एक बाब यापेक्षा गंभीर आहे. संकष्टीसाठी चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असावी लागते. ज्या दिवशी चतुर्थीचा आरंभ किंवा शेवट चंद्रोदयाच्या अगदी निकट येतो, त्या दिवशी दोन गावांत व्रताचा दिवसच निराळा पडण्याचा संभव असतो. मग एका घरात मुंबईची दिनदर्शिका व शेजारी उज्जैनचे पंचांग असले की वाद सुरू होतात. दोघांचेही गणित आपापल्या स्थळापुरते खरे असू शकते, हे ध्यानात आले तर अर्धा वाद तेथेच मिटेल.

दुसरा पाठ: तिथी

तिथी म्हणजे चंद्र व सूर्य यांच्या भोगांतील अंतर. हे अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. प्रणालीत चंद्र निवडला की त्याचे क्रांतिवृत्तीय भोग दिसतात. आकड्यांच्या दोन जोड्यांपैकी चालू दिवसाची जोडी घ्यावी. मग सूर्य निवडून त्याचेही भोग टिपावेत.

त्याच संकष्टीचे उदाहरण घेऊ. ८ नोव्हेंबर २०२५ रोजी रात्री आठच्या सुमारास सूर्याचे भोग सुमारे २२६ अंश व चंद्राचे सुमारे ९० अंश होते. ९० मधून २२६ वजा होत नाहीत, म्हणून ९० मध्ये ३६० मिळवून ४५० घ्यावेत. ४५० वजा २२६ म्हणजे २२४. यास १२ ने भागले असता भागाकार १८ येतो व बाकी उरते. अठरा तिथी पूर्ण होऊन एकोणिसावी चालू आहे, असा याचा अर्थ. शुक्ल पक्षाच्या पंधरा वजा केल्या म्हणजे वद्य चतुर्थी. चौथी-पाचवीतील मुलासही हे गणित करता येईल, आणि तिथी ही कोणी ठरविलेली नसून आकाशातील मोजमाप आहे, हे त्याच्या मनावर जन्मभरासाठी ठसेल.

येथे मात्र एक खाचखळगा आहे. चंद्र पृथ्वीच्या इतका जवळ आहे की पृथ्वीच्या मध्यातून पाहिले असता तो जेथे दिसावा, त्याहून आपल्या गच्चीवरून तो थोडा सरकलेला दिसतो. यास लंबन म्हणतात. चंद्र क्षितिजाशी असता हे लंबन एक अंशाच्या घरात जाते. पंचांगातील तिथी पृथ्वीच्या मध्यावरून मोजलेली असते. प्रणाली मात्र मुळात आपल्या गच्चीवरून मोजते. चंद्र व सूर्य यांतील अंतर तासाला सुमारे अर्धा अंश वाढते, तेव्हा एक अंशाच्या फरकाने तिथीच्या वेळेत दोन तासांपर्यंत चूक होते! चंद्र उगवताना तिथी पाहिली तर ती संपल्यासारखी दिसेल, आणि पंचांगात ती चालू असेल. अशा वेळी पंचांगकर्त्यास दोष देण्याचा मोह होतो.

उपाय सोपा आहे. एफ-२ च्या खिडकीत ‘टोपोसेंट्रिक’ असा शब्द असलेली एक चौकट आहे. टोपोसेंट्रिक म्हणजे निरीक्षकाच्या स्थळावरून मोजलेले. तिथी मोजताना ती खूण काढावी; चंद्रोदय पाहताना ती परत करावी. तिथी सर्व पृथ्वीची एक, चंद्रोदय ज्याच्या त्याच्या गावचा: हा भेद त्या एका चौकटीत सामावलेला आहे.

तिसरा पाठ: नक्षत्र व अयनांश

प्रणालीतील भोग सायन असतात, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेले. आपल्या पंचांगातील भोग निरयन, म्हणजे ताऱ्यांमधील एका स्थिर बिंदूपासून मोजलेले. दोहोंतील अंतर म्हणजे अयनांश. भारत सरकारने सन १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग-सुधारणा समिती नेमली होती. तिचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या समितीने २१ मार्च १९५६ रोजीचे अयनांश २३ अंश १५ कला धरले. हे अयनांश दरवर्षी सुमारे ५० विकलांनी वाढतात. सन २०२५ च्या सुमारास ते २४ अंश १३ कलांच्या जवळ होते.

प्रणालीत याचा पडताळा पाहता येतो. चित्रा नक्षत्राचा तारा, ज्यास पाश्चात्त्य ‘स्पायका’ म्हणतात, तो शोधावा. त्याचे सायन भोग २०४ अंश व वर सुमारे १० कला दिसतात. चित्रापक्षाच्या मते हा तारा १८० अंशांच्या ठिकाणी असावयाचा. १८० वजा केले की उरतात तेच, दोन-चार कलांच्या फरकाने, अयनांश.

त्या संकष्टीस चंद्राचे सायन भोग ९० अंश होते. त्यांतून २४ अंश १३ कला वजा केल्या की ६५ अंश ४७ कला राहतात. एका नक्षत्राचा विस्तार १३ अंश २० कला. चार नक्षत्रांचे ५३ अंश २० कला होतात, म्हणून चंद्र पाचव्या, म्हणजे मृगशीर्ष नक्षत्रात होता. मग ए दाबून वातावरण दूर करावे, म्हणजे चंद्राजवळचे अंधुक तारेही दिसू लागतात. एफ-४ च्या खिडकीत आकाश-परंपरा निवडता येते. तेथे भारतीय परंपरा घेतली की आपल्या नक्षत्रांची नावे आकाशात उमटतात. शोधताना मात्र पाश्चात्त्य नावे माहीत असलेली बरी: रोहिणी म्हणजे ‘आल्डेबरान’, मघा म्हणजे ‘रेग्युलस’, स्वाती म्हणजे ‘आर्क्टुरस’, ज्येष्ठा म्हणजे ‘अँटारेस’, अगस्त्य म्हणजे ‘कॅनोपस’.

अयनांशांच्या बाबतीत आपल्या विद्वानांत मोठा वाद झाला, हे पुष्कळांस ठाऊक असेल. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रापक्षाचा पुरस्कार केला. लोकमान्य टिळकांच्या अनुयायांनी रेवतीच्या एका ताऱ्यावरून मोजण्याचा पक्ष धरला. दोन्ही पक्षांत सुमारे चार अंशांचा फरक आहे, म्हणून त्यांच्या संक्रांतींत चार दिवसांचे अंतर पडते. प्रणाली हा वाद मिटवीत नाही. आरंभबिंदू कोणता मानावा, हे आकाशात लिहिलेले नसते. पण सूर्य २१-२२ डिसेंबरास दक्षिणेच्या टोकाहून परत फिरतो आणि मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीस येते, हे अंतर कशामुळे पडले, ते मात्र ती स्पष्ट दाखविते. एवढे दिसले तरी वाद करणाऱ्यांच्या आवाजात सौम्यता येईल.

चौथा पाठ: जुनी तारीख

आपल्या मुलांस ६ जून १६७४ ही तारीख तोंडपाठ असते: रायगडावर छत्रपतींस राज्याभिषेक झाला तो दिवस. तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. एका मुलाने ही तारीख प्रणालीत घातली, तेव्हा संध्याकाळी पश्चिमेस बारीक कोर दिसली, तृतीयेच्या सुमाराची. त्रयोदशीस तर चंद्र पौर्णिमेकडे झुकलेला हवा. इतिहास चुकला की प्रणाली?

दोन्हीही बरोबर आहेत. इंग्रजांच्या देशात त्या काळी जुनी जूलियन कालगणना चालू होती व त्यांच्या नोंदींतील तारीख तीच आहे. प्रणाली मात्र १५ ऑक्टोबर १५८२ पासून पुढे नवी ग्रेगोरियन गणना लावते. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचा फरक होता. म्हणून प्रणालीत १६ जून १६७४ घालावी; चंद्र त्रयोदशीच्या जागी, पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली अशा स्थितीत दिसतो. स्थळाप्रमाणेच कालगणनेलाही नाव विचारावे लागते: तारीख कोणाची?

साधनाच्या मर्यादा

प्रणालीस मोकळे क्षितिज ठाऊक असते, आपल्यासमोरची चार मजली इमारत नाही. चंद्रोदयानंतर चंद्र घरांच्या वर येण्यास आणखी अर्धा-पाऊण तास लागू शकतो. ढग तिला कळत नाहीत. हजारो वर्षांपूर्वीच्या आकाशात तिच्या मिनिटांवर भिस्त ठेवू नये, कारण पृथ्वीच्या भ्रमणाची गती युगायुगांत किंचित बदलत आली आहे. आणि उपवास केव्हा सोडावा, ढगांमुळे चंद्र न दिसल्यास काय करावे, आजाऱ्याने कोणती सवलत घ्यावी, हे प्रश्न प्रणालीस विचारावयाचे नसतात. त्यांसाठी आपले शास्त्री व आपले वैद्य आहेत. प्रणाली साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

अभ्यास

१. काठीच्या सावलीने आपल्या अंगणातील मध्यान्ह काढा व प्रणालीशी ताडून पाहा.

२. येत्या संकष्टीचा चंद्रोदय इंदूर, मुंबई आणि आपले आप्त राहतात अशा एका गावासाठी काढा. फरक रेखांशाच्या हिशेबाहून किती कमी-अधिक पडला, व का?

३. घरातील सर्वांत वडील व्यक्तीच्या जन्मतारखेस कोणती तिथी व नक्षत्र होते, ते वर दिलेल्या रीतीने काढा व जुने टिपण असल्यास त्याशी जुळवून पाहा. त्या वर्षाचे अयनांश काढण्यास विसरू नका.

४. एकाच रात्री ‘टोपोसेंट्रिक’ ही खूण ठेवून व काढून चंद्राचे भोग टिपा. चंद्र उगवताना व माथ्यावर असताना हा फरक सारखाच येतो काय?

उत्तरे वहीत लिहून मंदिराच्या कार्यालयात आणून द्यावीत. विद्यार्थ्यांच्या वह्या आम्ही स्वतः पाहू. ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांनी कार्यालयातील संगणकावर येऊन पाहावे.

आमच्या चुकीचा एक चांगला परिणाम झाला. मंदिराच्या फळ्यावर आता दर संकष्टीस चंद्रोदय लिहिताना आधी ‘इंदूर’ हा शब्द लिहिला जातो व मग वेळ. आजींनी तो फळा वाचला, नातवाकडून गच्चीवर पडताळा घेतला, आणि वेळ जुळल्याचे आम्हांस कळविले. शास्त्रास असेच परीक्षक हवे असतात.